उमेदवाराला शब्द नाही

ठाण्यातल्या एका कचेरीत मी उभी हयात काढली. तिथले किस्से साठवावे लागत नाहीत, एक सांगायला बसलो की दोन मागून येतात! आमच्या इंग्रजी दप्तरात आम्ही चौघेच. हेडक्लार्क बापूसाहेब, कल्याणहून आगगाडीने येणारा तात्या, बिनपगारी उमेदवार धोंडू आणि मी.

इंग्रजीत स्पेशली, इस्पेशली आणि पर्टिक्युलरली असे तीन शब्द आहेत. आम्हाला तिन्हींचा अर्थ एकच ठाऊक, 'विशेषेकरून'. कुठे कुठला घालायचा, कोणाच्या बापाला कळेना! बापूसाहेबांनी मात्र रीतच घालून दिलेली. तलाठ्याला स्पेशली, मामलेदाराला इस्पेशली आणि बड्या साहेबाला पर्टिक्युलरली.

"शब्द लांब, तसा मान मोठा!" मिटला प्रश्न.

* * *

माजिवड्याहून अर्ज आला, की गावचा वळू भातशेती तुडवतो. धोंडूने इंग्रजी केलं, 'हा वळू पर्टिक्युलरली द्वाड आहे.'

बापूसाहेब ताडकन उठले. "अरे मेल्या, बैलाला साहेबाचा शब्द? उद्या खुर्ची देशील त्याला!"

"मग कुठला घालू?"

"जनावराला शब्द नाही. आणि उमेदवारालाही नाही!"

* * *

पुढे साहेब दौऱ्यावर निघाला. जाताना स्वतःच्या हाताने लिहून गेला, 'माझ्या कुत्र्याला इस्पेशली जपा.'

तात्याला तर उकळ्याच फुटल्या. "बापूसाहेब, आता हो?"

बापूसाहेबांनी बराच वेळ सुपारी चघळली. मग म्हणाले, "साहेबाचा कुत्रा आहे तो. आजपासून मामलेदाराच्या बरोबरीचा!"

मागे कोणीतरी खाकरलं. दारात मामलेदार उभे होते.

* * *

बापूसाहेबांच्या घरी नातवाची मुंज होती. सुना दोन, म्हणून व्याही दोन. थोरल्यांना आमंत्रण दिलं, "पर्टिक्युलरली यायचं!" धाकट्यांना, "इस्पेशली यायचं!" दोघांनाही इंग्रजीचा गंध नाही. पण पाटावर शेजारी बसले आणि एकमेकांना आमंत्रणं ऐकवून दाखवली.

झालं! धाकटे व्याही उठले. "आम्हालाच आखूड शब्द का?"

पंगत वाढलेली, वरण निवतंय आणि व्याही खांबाला टेकून रुसलेले. शेवटी बापूसाहेबांनी हात जोडून त्यांना तिन्ही शब्द एका दमात म्हणून दाखवले. तेव्हा कुठे ते पाटावर बसले.

आणि थोरले उठले!

* * *

धोंडूचं लग्न कल्याणला ठरत होतं, पण मुलीचे वडील अडून बसले. नोकरी कायम झाली तरच अक्षता, नाहीतर पनवेलचं दुसरं स्थळ तयार आहे म्हणे. पोरगा नुसता झुरत होता हो, मला त्याच्याकडे बघवत नसे.

अशात आमच्या कचेरीत कारकुनाची एक जागा रिकामी झाली. तिच्यावर इतर कचेऱ्यांतले उमेदवारही टपलेले. आमच्या धोंडूची शिफारस लिहिणार बापूसाहेब! धोंडूने त्यांचे पाय धरले.

"बापूसाहेब, निदान एक स्पेशली तरी घाला!"

"उमेदवाराला शब्द नाही. रीत म्हणजे रीत."

आणि त्यांनी लिहिलं, 'धोंडू चांगलं काम करतो.' बस्स, एवढंच! धोंडू कोपऱ्यात जाऊन बसला. "पोराचं लग्न मोडलंत!" तात्या ओरडला. मलाही असा संताप आला, की त्या दिवशी मी बापूसाहेबांची सुपारी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबाने आम्हा चौघांना आत बोलावलं. टेबलावर सगळ्या शिफारशी पसरलेल्या. कोणी पर्टिक्युलरली हुशार, कोणी इस्पेशली प्रामाणिक. साहेब आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "सगला मानूस विशेष! हा एकच साधा. हा आमाला पायजे."

धोंडू कायम झाला! तात्याने तिथेच, साहेबासमोर, मला मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात धोंडू लग्नाची अक्षत घेऊन कचेरीत आला. बापूसाहेबांना आता कुठला शब्द लावतो, म्हणून आम्ही कान टवकारले. धोंडू त्यांच्यापुढे वाकला.

"या," म्हणाला.

बापूसाहेब पुढच्या शब्दाची वाट बघत थांबले. पुढे काही येईना. मग त्यांनी उपरणं सारखं केलं.

"चांगलं काम करतोस, गाढवा. येतो!"