ताईचं टोपरं

निराश कसं व्हावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने चारकोपला माझ्या थोरल्या बहिणीकडे जावं. बाकीची माणसं काही वाईट घडलं की निराश होतात. ताई आधीच होऊन ठेवते, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. दूध तापत ठेवलं की ते उतू जाणार, रिक्षावाल्याला हात केला की तो मान हलवून निघून जाणार, कुंडीतल्या गुलाबाला कळी धरली की तिला कीड लागणार, हे तिला आधीपासून ठाऊक असतं. चुकून सगळं सुरळीत झालं तर ती अस्वस्थ होते. अंधेरीच्या एका ऑफिसात तिने उभी हयात नोकरी केली. निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाले, "आता मजेत आराम करा," तर ही हार गळ्यात असतानाच म्हणाली, "कसला आराम सर, आता एकेक दुखणी बाहेर येणार." आम्ही मूळचे मालवणकडचे. एरवी ताई मुंबईचंच बोलते, पण निराशा अगदी पोटातून आली की "माजा नशीबच तसा" म्हणून कपाळावर हात मारते.

विणकामात तर तिच्या निराशेला पूर्ण वाव मिळे. मुंबईत लोकरीचं काम काय, हा प्रश्न तिला विचारायची सोय नव्हती. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन ती खिडकीत बसे, वीतभर विणी, लांब धरून बघे आणि "वाट लागली" म्हणून सगळं उसवून टाके. मग उसवलेली लोकर वाफेवर धरून सरळ करायची, गुंडा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तिच्याकडची एक निळी लोकर माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून वेगवेगळ्या स्वेटरांचे जन्म घेत फिरत होती. तिला मोक्ष काही मिळाला नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, चुकला एक टाका तर चुकू दे ना." तर म्हणाली, "तुला दिसत नाही, मला दिसतो ना."

ताईने लग्न केलं नाही. आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही मूल झालं नव्हतं, म्हणजे तिला आत्या म्हणणारं जगात कुणी नव्हतं. बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, अंगावर कुंची, डोक्यावर टोपरं घालायचं, हा आत्याचा मान. तो मान तिला हवा होता, किती हवा होता ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. आणि अखेर बायकोला दिवस राहिले. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही करू नये, हा आमच्याकडचा कडक नियम. ताईने त्यातून वाट काढली. एक पांढरीशुभ्र, सशाच्या अंगासारखी केसाळ लोकर तिने आणली आणि ती शेजारच्या बाईंच्या कपाटात नेऊन ठेवली. "लोकर म्हणजे काही टोपरं नव्हे," ती म्हणाली, "आणि आपल्या घरात तर नाहीच आहे." नशिबाला शेजारच्या घरातलं दिसत नाही, अशी तिची समजूत असावी.

पण नशीब बघत होतं. सातवा महिना सरता सरताच मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला बोरिवलीच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं, नळ्या लावल्या, आणि डॉक्टर म्हणाले, आता बघत राहायचं. ताई शेजारणीकडून लोकर घेऊन आली आणि सुया काढून बसली. मला वाटलं, आता हिच्या बोलण्याला तोंड देणं कठीण. पण बाळाबद्दल तिने एक वाईट शब्द काढला नाही. जे काही म्हणायचं होतं ते सगळं तिने त्या लोकरीला ऐकवलं.

आणि लोकर होतीही तशीच. केसांच्या गर्दीत टाके दिसतच नसत. ताई ते आंधळ्यासारखे बोटांनी चाचपडून मोजायची. सुईचं टोक टाक्यात जाण्याऐवजी लोकरीच्या केसांत शिरे. मुख्य म्हणजे ती उसवेना. ओढली की केसांत केस अडकून गच्च गाठ बसे, आणि जन्मभर उसवून उसवून विणणारी माझी बहीण त्या गाठीकडे बघत बसे. पंख्याने केस उडतात म्हणून भर एप्रिलात चारकोपच्या त्या खोलीत पंखा बंद. चहात लोकर, डाळीत लोकर. "हिचं काही खरं नाही रे," ती म्हणायची, "ही टिकायची नाही. हात लावला की तुटते." ती लोकरीबद्दल बोलते आहे हे मला कळत होतं, तरी मी उठून गॅलरीत जायचो.

कसंबसं अर्धं टोपरं घेऊन ती हॉस्पिटलात आली. नर्सने ते उजेडात धरलं आणि परत दिलं. "आजी, ही लोकर आत चालणार नाही. केस बाळाच्या नाकात जातील. सुती दोऱ्याचं आणा."

"आजी नाही, आत्या आहे मी," ताई म्हणाली आणि बाकावर मटकन बसली.

सुती दोरा आणला, तर तो सुयांवरून घसरायचा आणि ताईची दुखरी बोटं त्याला धरू शकत नव्हती. शेजारी माझी बायको बसली होती. मुलगी झाल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. भिंतीकडे बघत बसायची. ती एकदम म्हणाली, "ताई, क्रोशाने करा. एकच सुई लागते. शाळेत शिकलेय मी."

"क्रोशा म्हणजे ते टीव्हीवर घालायचे रुमाल?" ताईच्या आवाजात सगळा तिरस्कार होता. पण सुई तिने घेतली.

मग रोज त्या बाकावर शिकवणी चाले. आधी साखळी, मग साखळीचा गोल, मग त्याभोवती खांब, म्हणजे उभे टाके. ताईच्या गोलाला कधी कुरडईसारख्या झालरी यायच्या, कधी त्याची वाटी व्हायची. "टाके जास्त झाले ताई, पुन्हा मोजा." "मोजले गं." "नाही मोजले." माझ्या बहिणीला असं बोलून सुटलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. एकदा तर बायको चक्क हसली. सुती दोरा मात्र सरसर उसवायचा, आणि तेच वाईट झालं. टोपरं कडेपर्यंत यायचं, ताई लांब धरून बघायची, आणि सगळं पुन्हा दोरा होऊन मांडीवर पडायचं. शेवटी मी चिडलो. "ताई, पुरं कर ना एकदाचं!"

तिने वर बघितलं नाही. "भीती वाटते रे," ती म्हणाली. "पुरं झालं, आणि घालायलाच कुणी..."

बायकोने तिच्या मांडीवरून टोपरं उचललं, शेवटचे टाके घातले, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. "ती आत आहे ना ताई? आज आहे ना? मग आज घालायचं."

नर्सने टोपरं धुऊन, उकळून आत नेलं. आम्ही तिघं काचेला नाक लावून उभे होतो. मोसंबीएवढ्या डोक्यावर ते टोपरं बसलं, एका कानावर जरा उतरलं. "तिरकं झालंय," ताई म्हणाली. "होऊ दे," बायको म्हणाली, आणि दोघी एकमेकींचा हात धरून रडल्या. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

मुलगी घरी आली. बारसं उशिरा झालं, पण कुर्रर्र ताईनेच केलं. आता मुलगी शाळेत जाते, टोपी म्हटली की पळून जाते. ताईच्या बोटांनी विणकाम सोडलंय. ती आमच्याकडे येते आणि मुलगी जिन्यावरून पडणार, ताप येणार, गणितात नापास होणार असं सांगत बसते. परवा बायकोने कपाट आवरताना ते टोपरं काढलं. पिवळट पडलं होतं, म्हणून धुवायला निघाली, तर ताईने ते तिच्या हातातून घेतलं.

"नको गं धुवू. आटलं तर?"

आमच्या घरात आता दुसरं बाळ येणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. ताईने कानावरची तिरकी कड बोटांनी सरळ केली, आणि दोघींनी ते टोपरं पुन्हा घडी करून ठेवलं.