शेवंताताईला महारोग नव्हता

आज सकाळी माझ्या बहिणीला शेवटची आंघोळ घालायला भावकीतली एकही बाई पुढे आली नाही.

मी आणि माझ्या सुनेने घातली. बाकीच्या अंगणात उभ्या राहून विचारत होत्या, "हात धुवायला साबण ठेवलाय ना?"

मी इथे सहसा काही लिहीत नाही. आज लिहितेय.

ताईला महारोग नव्हता. कधीच नव्हता. आणि असता तरी त्यावर तेव्हाही औषध होतं.

तिला नसांचा आजार होता. आपल्याच घराण्यातला. बाबांकडून आलेला.

लग्न होऊन ती खारबावला गेली, तेव्हा सासूला तिचं फार कौतुक. तव्यावरची भाकरी ताई नुसत्या बोटांनी उलटायची. "माझ्या सुनेचे हात लोखंडाचे हायेत," सासू सगळ्यांना सांगायची.

लोखंडाचे कसले. त्यांना चटका कळत नव्हता.

मग चालताना पाय अडखळायला लागले. सासू तिला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेली. ज्या पाण्यात बाकीच्या बोटही बुडवत नव्हत्या, त्यात ताई गुडघ्यापर्यंत पाय सोडून गप्पा मारत बसली.

दोन्ही पायांची कातडी सोलून निघाली. जखमा भरेनात. गावात एकच शब्द फिरला, आणि तिला माहेरी आणून सोडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दादा आम्हा दोघींना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

डॉक्टरांनी ताईचे पाय हातात घेऊन तपासले. मग मला म्हणाले, "तूही चप्पल काढ."

माझ्याही तळपायाची कमान तशीच उंच.

"वडील कसे चालायचे?"

"पाय उचलून उचलून. चिखलातून चालल्यासारखे," दादाच बोलला.

"हा महारोग नाही. नसा हळूहळू कमजोर होत जातात. घराण्यातून येतो, दुसऱ्याला लागत नाही. हिला खुशाल सासरी पाठवा."

परतीच्या एसटीत ताई मला म्हणाली, "आता मी माझ्या घरी जाते बघ."

रविवारी भावोजी आले. ओट्यावर बसले. "डॉक्टर काय बोलला?"

दादा म्हणाला, "महारोगच हाय, पावणं."

ताई भिंतीला धरत बाहेर आली. "खोटं बोलतोय हा. डॉक्टर तसं न्हाय बोलला."

मी पण बोलले. "मी होते तिथे, भावोजी."

दादा हसला. "बहिणी हायेत. एकमेकींचंच बोलणार."

भावोजी चहा न घेता उठले. वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं.

मी दादाला विचारलं, का?

"महारोग बोललं तर तो तिच्यापुरता राहतो. रक्तातला निघाला तर तुला कोण करून नेईल? माझ्या पोरींना कोण मागणी घालेल?"

म्हणजे माझ्यासाठी. मी मागितलं नव्हतं.

माझं लग्न झालं. दादाच्या पोरींचीही झाली. जमिनीवर गोडाउन उभी राहिली, दारात गाड्या आल्या. ताई मागच्या खोलीत, वेगळ्या ताटात जेवत राहिली. माझा मुलगा कमावता झाल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. तोवर तिला स्वतःच्या हाताने घास उचलत नव्हता.

दादाही गेला. शेवटी आधाराशिवाय उभा राहत नव्हता. संधिवात आहे, असं त्याच्या घरचे सगळ्यांना सांगायचे.

संधिवात नव्हता.

माझेही पाय गेलेत. मुलाची टेस्ट करून घेतली, सुनेला सगळं सांगितलंय.

दादाच्या नातवंडांनो, तुमच्यातला एक जण आज पायऱ्या उतरताना कठड्याला घट्ट धरून होता. मी बघितलं. न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि तो जे सांगेल तेच बाहेर सांगा.

वाईट वाटलं तर वाटू दे. ही पोस्ट मी काढणार नाही.

शेवंताताई, तू खरं बोलत होतीस.

तुला माझा शेवटचा नमस्कार.