अजून एक जण यायचे आहेत

परबकाका उलटे चालत. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे आणि पावलं मागे मागे. सानपाडा स्टेशनपासून वाशीच्या खाडीकाठच्या तलावापर्यंत हा माणूस असा मागे मागे सरकत जायचा आणि एकदाही कशाला अडखळायचा नाही. खड्डा, कुत्रा, पार्क केलेली स्कूटर, सगळं त्यांच्या टाचांना आधीच कळायचं. आता ‘आमच्याकडे’ असं मी लिहिलं खरं, पण बहुतेक रविवारी त्या ‘आमच्या’त मी एकटीच असायची.

बदली होऊन मी सानपाड्यात राहायला आले तेव्हा या शहरात मला ओळखणारा माणूस म्हणजे सोसायटीचा वॉचमन, आणि तोही मला फ्लॅटच्या नंबराने ओळखायचा. ऑफिस तुर्भ्याला होतं, त्यामुळे सोमवार ते शनिवार कसेही निघून जात. रविवार मात्र काही केल्या सरत नसे. अशातच लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला दिसला. ‘नवी मुंबई दर्शन. दर रविवारी सकाळी सात. पायी. विनामूल्य.’ खाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं, ‘दाखवणार काय, कपाळ?’ मलाही तोच प्रश्न पडला होता, पण घरात बसण्यापेक्षा ते बरं म्हणून गेले.

स्टेशनबाहेर पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेले एक किडकिडीत गृहस्थ मिटलेली छत्री उंच धरून उभे होते. मला पाहताच खणखणीत आवाजात म्हणाले, “नमस्कार मंडळी!”

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

“मंडळी, जरा पुढे सरका. मागच्यांना ऐकू जात नाही.”

मी मुकाट्याने एक पाऊल पुढे सरकले. मग त्यांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, “दहा मिनिटं थांबू. अजून एक जण यायचे आहेत.” आम्ही थांबलो. कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. मला वाटायचं, फिरस्त्यांना धीर द्यायची ही धंद्यातली युक्ती असेल.

ते होतेच त्या धंद्यातले. सगळी उमर मुंबई दर्शनच्या बसवर गाईड म्हणून काढलेली. हातात माइक, बसच्या पुढच्या बाजूला उभं राहायचं, तोंड प्रवाशांकडे. “मंडळी, डावीकडे पाहा! आता उजवीकडे!” स्वतः मात्र डावीकडे नाही की उजवीकडे नाही. ते म्हणायचे, “मी अख्खी मुंबई पाठीने पाहिली. म्हातारीचा बूट आला की पोरांची तोंडं उघडायची, त्यावरून मला कळायचं बूट आला. गेटवे आला की नवराबायको जवळ सरकायचे. मला वळून बघायची गरजच पडली नाही.” निवृत्तीनंतर गिरगावची खोली सोडून बायकोबरोबर सानपाड्याला आले. वर्षभरात ती गेली. एवढ्या मोठ्या शहराला ‘दर्शन’ नाही याचं त्यांना भारी वाईट वाटे. मग लोकांना विचारत, जुन्या माणसांशी गप्पा मारत त्यांनी ही फेरी बसवली.

आणि खरं सांगते, ते दाखवायचे तेव्हा दिसायचं. ज्या तलावाभोवती सकाळी निम्मी वाशी धावते, तिथे उभे राहून ते छत्री उगारत. “मंडळी, सगळे ह्याच्यासमोर फोटो काढतात. पण हा तलाव नाही. ही शहराची मोरी आहे!” धावणारे दचकून बघायचे. मग ते समजावून सांगत. भरतीला खाडीचं पाणी आपल्या जमिनीपेक्षा वर चढतं. त्याच वेळी वरून पाऊस कोसळला तर शहरातलं पाणी जाणार कुठे? म्हणून खाडीकडची दारं मिटतात, पाणी इथे येऊन थांबतं आणि ओहोटी लागली की निघून जातं. “म्हणजे आपण राहतो समुद्राच्या खाली आणि फुशारकी मारतो बाराव्या मजल्याची. मंडळी, हे शहर उभं आहे ते ह्या थांबायच्या जागेवर.”

वाटेत सानपाडा गाव लागायचं. चारी बाजूंनी सेक्टर येऊन बसले तरी मधे हे गाव आहेच. गावाच्या तोंडाशी मासळी घेऊन बसणाऱ्या नामीबाई आम्हाला लांबूनच ओळखायच्या. “काय वो गाईड, आज पन येकच मानूस हाय का?”

परबकाका अजिबात विचलित न होता छत्री त्यांच्याकडे वळवत. “मंडळी, ह्या नामीबाई. आज जिथे आपण गाड्या लावून मॉलमध्ये शिरतो, तिथे ह्यांच्या सासऱ्यांनी मीठ पिकवलंय. तिथल्या जमिनीला जीभ लावलीत तर अजून खारट लागेल.”

“चाटू नको गो बाय,” नामीबाई मला सांगायच्या, “गाड्यांचं त्याल हाय त्याच्यावर.”

फेरी संपली की तलावाच्या कठड्यावर बसून आम्ही टपरीवरचा चहा घ्यायचो. तेवढा वेळ मी ‘मंडळी’ नसायची, ‘ताई’ असायची. तिथेच एकदा त्यांनी आपल्या मुलीची, मनीषाची, गोष्ट सांगितली. ती ऐरोलीला राहते, तिथेच एका कंपनीत आहे, हेही तेव्हाच कळलं.

मनीषा चौथीत होती. बाबा सगळ्या जगाला मुंबई दाखवतात, मला का नाही, म्हणून तिने धोशा लावला. बसचा नियम असा की गाईडने घरची माणसं गाडीत घ्यायची नाहीत. काकांनी मग दोन तिकिटं काढली, बायकोला आणि मुलीला मागच्या बाकावर बसवलं आणि बजावलं की आज मी तुमचा कुणी नाही, मला हाक मारायची नाही. दिवसभर ते माइकवरून बोलत राहिले. पोरीकडे एकदाच गेले, तेही “बेबी, हात आत घ्या” म्हणायला.

“राणीच्या बागेत तिला उलटी झाली,” काका सांगत होते. “आई तेव्हा पाणी आणायला गेलेली. मी चार पावलांवर उभा, पण गिऱ्हाइकांच्या गराड्यात. एका बाईने तिचं तोंड पुसलं, विचारलं, ‘बाळा, तुझे बाबा कुठे आहेत?’ पोरीने माझ्याकडे बघितलंन आणि म्हणाली, ‘बाबा कामावर गेलेत.’” ते खूश होऊन हसले. “एवढीशी पोर, पण हुशार! मला सांभाळून घेतलंन. आणि खोटंही नाही बोलली बघा.”

मला हसू आलं नाही. त्या पोरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी चहा बाजूला ठेवला. मी विचारलं, “नंतर कधी नेलंत तिला?” ते म्हणाले, “तिनेच कधी म्हटलं नाही परत. आता मी दर रविवारी बोलावतो. येईन म्हणते. येईल.” ‘अजून एक जण’ म्हणजे कोण, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि ती आली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमची दहा मिनिटं संपत आली असताना स्टेशनातून पस्तिशीची एक बाई बाहेर पडली आणि आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं माझ्यासारखीच कुणी चुकलेली असेल. काकांची छत्री मात्र खाली आली. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “या ताई, या. नमस्कार मंडळी!”

त्या दिवसासारखी फेरी त्यांनी आधी कधी दिली नव्हती. आवाज असा लागला होता की रिक्षावाले थांबून ऐकत होते. ती बाई मात्र जे दाखवलं जात होतं त्याकडे बघतच नव्हती, काकांकडेच बघत होती. नामीबाईंपासून आम्ही पुढे निघालो तेव्हा काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, “कुठून आलात?”

“ऐरोलीहून.”

“एकट्याच?”

तिने काकांवरची नजर काढली नाही. “हो. बाबा कामावर आहेत,” ती म्हणाली.

काकांनी ते ऐकलं. ऐकलंच असणार, कारण उलटं चालणारा तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा अडखळला. पण काका सावरले आणि पुढे बोलत राहिले. तलावापाशी फेरी संपली. “छान सांगता तुम्ही,” असं म्हणून ती वाशी स्टेशनच्या दिशेने निघून गेली. चहालाही थांबली नाही.

मला राग आवरेना. “काका, हाक का नाही मारलीत तिला?”

ते कठड्यावर छत्रीचं टोक घासू लागले. “ताई, मी मनात म्हटलं होतं, ती आली की छत्री टाकून द्यायची आणि तिला जवळ घ्यायची. पण ती अशी समोर येऊन उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी. मला दुसरं काही येतच नाही हो.” मग म्हणाले, “पुढच्या रविवारी मारतो हाक. नक्की.”

मी म्हटलं, फोन करा. त्यांनी केलाही. ‘छान होती फेरी’ एवढंच ती बोलली आणि काका ‘आभारी आहे’ म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी आम्ही दहा मिनिटांच्या जागी तासभर थांबायचो. छत्री आता ते उंच धरत नसत, काखेत धरत. ती आली नाही. उन्हाळा लागता लागता काका झोपेतच गेले. सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी आल्या, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि दुपारी पाणी बंद असल्याचा मेसेज आला.

त्या आठवड्यातल्या रविवारी मी सातला स्टेशनबाहेर जाऊन उभी राहिले. का, ते विचारू नका. दुसरीकडे जायला होतं कुठे? दहा मिनिटं संपायच्या आत मनीषा आली. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, “ते दाखवायचे ते सगळं दाखवाल मला? त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही.”

मी सुरुवात केली. मिठागरं, गाव, नामीबाई. आम्हाला पाहून नामीबाईंनी पदराने डोळे पुसले. जसं आठवत होतं तसं मी सांगत गेले. सांगताना मनीषाचं तोंड दिसावं म्हणून मी कधी वळले आणि कधी उलटी चालायला लागले, माझं मलाच कळलं नाही. दगडावर टाच लागली आणि मी पडता पडता वाचले.

मनीषाने माझा हात धरला होता. “उलट्या नका चालू,” ती म्हणाली. “नाही दाखवलंत काही तरी चालेल. माझ्या शेजारून चला.”

मी वळले आणि तिच्या शेजारून चालू लागले. तलावापर्यंत तिने माझा हात सोडला नाही आणि मीही काही दाखवलं नाही.