खडकवाडीच्या विहिरीवर

वैशाखात जालन्याहून कुठे जायचं म्हटलं की उजाडायच्या आत गाडी जुंपावी लागते. आम्ही शहरातल्या मस्तगड भागातून निघालो तेव्हा दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्याच होत्या. गाडीत ज्वारीची दोन पोती, जुन्या धोतर-लुगड्यांची गाठोडी, चुन्याचा डबा आणि तपकिरी काचेची एक मोठी बाटली होती. ती बाटली मी मांडीशी धरून बसलो होतो. तिच्यातलं औषध कसं वापरायचं ते डॉक्टरांनी मला एकट्यालाच समजावून दिलं होतं.

मी नगरकडचा. पोटापाण्यासाठी निजामाच्या राज्यात आलो आणि जालन्यातल्या एका जिनात (कपाशीतून सरकी काढण्याचा कारखाना) वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो. गावाकडची मंडळी पत्रातून नेहमी विचारतात, हा मुलूख कसा आहे, माणसं कशी आहेत. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पण ही काही हौसेची सफर नव्हती, हे आधीच सांगतो.

हंगाम संपला होता. यंत्रं पुसायला, तेलपाणी करायला आम्ही दहा-बारा जण उरलो होतो. अशात खडकवाडीत पटकी (कॉलरा) शिरल्याची बातमी आली. खडकवाडी भोकरदनच्या वाटेवर, राजूरच्याही पलीकडे. आमच्या जिनात कापूस वेचून साफ करणाऱ्या अर्ध्या बाया त्याच गावच्या. आमचा आगवाला (बॉयलरच्या भट्टीवरचा माणूस) दगडूबा, तोही तिथलाच. पन्नाशीचा, भट्टीच्या आचेनं काळवंडलेला, बोलायला कमी. एका दुपारी भाकरी खाताना तो म्हणाला, "हंगाम आला का ही मान्सं आपल्याकडं येतेत. आता त्यांच्याकडं कोन जाईल?"

दुसऱ्या दिवशी जो तो घरून काहीतरी घेऊन आला. मालकांनी गाडी-बैल दिले आणि आठ दिवसांची सुटी. डॉक्टरांकडे पाठवायला माणूस नव्हता, औषध होतं. जायचं ठरलं तिघांचं: दगडूबा, फिटर कासिमभाई आणि मी.

कासिमभाई वयानं माझ्याएवढाच, पण अंगानं दुप्पट. वाटेत तो सारखा बोलत होता. "मुनीमजी, तुम्ही ती बाटली अशी धरून बसलात, जशी नवी नवरी बसली मांडीवर." दगडूबा बैलांकडे बघत गालात हसला. त्या प्रवासातलं त्याचं हसणं मला तेवढंच आठवतं.

रस्ता सगळा काळ्या मातीचा. शेतं नांगरून पडलेली, ढेकळं उन्हानं पांढरी पडलेली. झाडं म्हणजे बांधावरच्या बाभळी आणि मधूनच एखादं कडुलिंबाचं. दिवस वर आला तसा वारा तापला आणि कासिमभाईसुद्धा गप्प झाला. आपल्याकडे डोंगर तरी दिसतो, नजरेला टेकायला काही असतं. इथे नजर जाते ती जातच राहते.

राजूरला पोचेपर्यंत दुपार झाली. गणपतीचं मोठं ठाणं हे, एरवी चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर एक फुलवाली झोपलेली होती, आणि तिच्या टोपलीतली फुलं सुकून गेली होती. एका दुकानदारानं आम्हाला धपाटे आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) दिली. खडकवाडीला चाललो म्हटल्यावर त्यानं तांब्यातलं पाणी आमच्या ओंजळीत वरूनच ओतलं.

"भले लोक हायेत तुम्ही," तो म्हणाला, "पर वापस येताना इथं उतरू नका."

पुढे एका गावाच्या शिवेवर काठ्या घेतलेले दोघे जण उभे होते. त्यांच्या मागे बाभळीखाली लाकडाचा एक लहानसा गाडा होता, त्यात हिरव्या बांगड्या, लिंबं आणि खणाचा तुकडा. मरीआईचा गाडा. खडकवाडीच्या लोकांनी रोग घालवायला तो आपल्या शिवेबाहेर ढकलला होता, आणि आता हे लोक तो आपल्या हद्दीत येऊ नये म्हणून पहाऱ्याला बसले होते. आमची गाडी त्यांनी लांबूनच जाऊ दिली.

दगडूबा गाडीतून उतरला, गाड्याला हात जोडले आणि परत येऊन कासरा धरला. तेव्हापासून त्यानं बैल जरा जलद हाकले.

दिवस कलता कलता आम्ही गावात शिरलो. साठ-सत्तर घरांचं गाव. कितीतरी दारांना कड्या, आणि कड्यांना कडुलिंबाचे डहाळे. गावात आवाज नव्हता असं नाही, पण तो एकाच प्रकारचा होता. दगडूबाची विधवा बहीण गयाबाई दारातच बसली होती. भावाला बघून ती उठली नाही. "दादा, काहून आलास?" एवढंच म्हणाली. तिची सून आदल्या दिवशी गेली होती आणि मुलगा आत घोंगडीवर पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहीर बघितली. पाणी तळाला गेलेलं, वर कचऱ्याचा थर. पाटलांनी चार माणसं दिली. दगडूबा कमरेला दोर बांधून आत उतरला आणि दिवसभर पाटीनं गाळ भरून देत राहिला. कासिमभाई वर दोर ओढत होता. मी गावात फिरत होतो. ज्वारीच्या कण्यांची पेज घरोघर पोचवायची, आजाऱ्यांची लुगडी-घोंगड्या गावाबाहेर नेऊन जाळायच्या, चुना टाकायचा. डॉक्टरांनी पोटात द्यायच्या औषधाची एक लहान कुपीही दिली होती, तिच्यातले थेंब मी गयाबाईच्या मुलाला दोन वेळा दिले. माझ्याकडे तेवढंच होतं.

सूर्य मावळायच्या सुमारास नवं पाणी वर आलं आणि माझी पाळी आली. मी बादलीत मोठ्या बाटलीतलं औषध विरघळवलं आणि विहिरीत ओतलं. कासिमभाईनं बादली वरखाली करून पाणी ढवळलं. विहिरीचं पाणी पिकल्या जांभळाच्या रसासारखं झालं.

पाणी भरायला म्हणून बाया घागरी घेऊन जमल्या होत्या. एका म्हातारीनं आत डोकावून पाहिलं आणि ओरडली, "रगत! इहिरीत रगत उतरलं गं!"

मी समजावू लागलो. हे औषध आहे, यानं पाण्यातले रोगजंतू मरतात, उद्या रंग फिका होईल. पण माझी नगरकडची भाषा, अंगात कोट, कोण ऐकतो? मागून एक माणूस म्हणाला, "शहरातून आले आन् इख टाकलं." बाया घागरी उचलून ओढ्याकडे वळल्या. ओढा म्हणजे दोन डबकी होती. मेलेल्यांचे कपडे तिथेच धुतले जात होते. ते पाणी त्या रात्री गावानं प्यायलं असतं तर आमचं येणंच फुकट होतं.

पाटील पुढे आले. "दवा हाये म्हंता ना? मंग तुम्ही प्या."

"सकाळी पितो," मी म्हणालो. "जंतू मरायला हे रात्रभर मुरावं लागतं. आत्ता लगेच प्यायचं नसतं."

मी खरं तेच सांगत होतो. पण ते माझ्या तोंडून असं निघालं की माझं मलाच ते खोटं वाटलं.

"आत्ता काहून न्हाई?" पाटील म्हणाले.

दगडूबा अजून गाळानं माखलेला होता. तो पुढे झाला. त्यानं कासिमभाईच्या हातातली बादली घेतली, कठड्यावर टेकवली आणि ओंजळीनं पाणी प्याला. एकदा, दोनदा, तीनदा. मिशीवरून लाल थेंब ओघळले. गयाबाई गर्दीतून ओरडली, "दादा!"

"गये, पानीच हाये ते," तो तोंड पुसत म्हणाला. "आज घरात असंल तेवढ्यावर भागवा. सकाळी समदे इथंच भरा. वढ्यावर कोनी जाऊ नका."

आणि लोकांनी ऐकलं. त्याच्या गावची माणसं होती ती. बाया परतल्या, सकाळी विहिरीवर आल्या. रंग फिका पडला होता. त्या दिवशी आणि त्या रात्री गावात नवं कोणी आजारी पडलं नाही. गयाबाईचा मुलगा उठून भिंतीला टेकून बसला, त्यानं पेज मागितली. कासिमभाईनं मला पाटलांच्या ओट्यावर बसवून पिठलं-भाकरी खायला घातली आणि म्हणाला, "मुनीमजी, बरोबर जमलं बघा."

चौथ्या दिवशी सकाळी दगडूबा उठला नाही.

पटकी कशी असते ते मी इथे लिहीत नाही. मी थेंब दिले, मिठाचं पाणी दिलं, तळपायांना राख चोळली. गयाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, आवाज बसला. एकदा त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही निरोप असेल. तो म्हणाला, "बैलांना पानी दाखवलं का?" मी हो म्हणालो. उन्हं उतरायच्या आत तो गेला.

ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला तेव्हा गावातली पाच-सहा माणसं लांब उभी होती. परत आलो तर विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. लाल पाण्यानं दगडूबाला मारलं, असं गावानं ठरवलं होतं. बाया पुन्हा ओढ्यावर गेल्या होत्या.

पाटलांनी हात जोडले. "तुमचं लई झालं. आता जा तुम्ही."

गाडीपाशी मी आणि कासिमभाई दोघेच होतो. त्यानं बैलांना वैरण टाकली आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "मुनीमजी, रातभर थांबायचं, ये तुम्हाला मालूम होतं ना?"

"होतं."

"मंग त्याला रोखलं काहून नाही?"

मी म्हणालो, तो एकदम पुढे झाला, मला वेळच मिळाला नाही. कासिमभाई वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. तीन ओंजळी प्यायला माणसाला किती वेळ लागतो, ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. दोन पावलांवर मी उभा होतो. मी हात धरू शकलो असतो. धरला नाही, कारण त्यानं बादली उचलली तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बरं झालं, आता मला प्यावं लागणार नाही.

तो रोग त्याला त्या पाण्यातून झाला की बहिणीच्या घरी आजाऱ्याशेजारी झोपून झाला, की दिवसभर गाळात उभा राहून, हे कोणी सांगू शकणार नाही. डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मी त्यांना नंतर दोनदा विचारलं.

आम्ही त्या दिवशी निघालो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो, बादली काढली आणि कठड्यावर बसून तांब्याभर पाणी प्यालो. पाणी आता निर्धोक होतं, त्यात माझं शौर्य काही नव्हतं. बघायलाही कोणी नव्हतं. दुपारी प्यालो, संध्याकाळी प्यालो. ओढ्यावर जाणाऱ्या बाया लांबून बघायच्या आणि पदर ओढून पुढे जायच्या. त्या दोन दिवसांत गावात आणखी दोन मुलं गेली. त्यांतलं एक पाटलांच्या घरातलं होतं.

तिसऱ्या दिवशी गयाबाई घागर घेऊन आली. मी उठून उभा राहिलो. तिनं दोर सोडला, घागर भरली, डोक्यावर घेतली. मग थांबली.

"माझा भाऊ कशानं मेला ते देवाला ठावं," ती म्हणाली. "त्यानं सोताच्या हातानं पेलं. पर तो पेत व्हता तवा तुम्ही गप उभे व्हते. ते मी पाह्यलं."

ती गेली. तिच्यामागून, थोड्या वेळानं, दुसरी बाई आली. मग आणखी दोघी. अंधार पडायच्या आत विहिरीवर रांग लागली होती, आणि त्यातली एकही माझ्याशी बोलली नाही.

आम्ही दुसऱ्या वाटेनं जालन्याला परतलो. गाडी कासिमभाई हाकत होता. वाटेत एका मळ्यात आंबे उतरवणं चाललं होतं. मळेवाल्यानं पाडाला आलेले चार आंबे आमच्या गाडीत टाकले. आम्ही ते खाल्ले नाहीत. घरी पोचेपर्यंत कासिमभाई माझ्याशी दहा शब्दही बोलला नसेल.

पंधरा दिवसांनी मालकांनी जिनाच्या आवारात सभा घेतली. खडकवाडीतली पटकी थांबली होती. सतरंज्या टाकल्या, हार आणले. दगडूबाचा फोटो कधी काढलेलाच नव्हता, म्हणून खुर्चीवर नुसता हार ठेवला. मालक चांगलं बोलले. जिनातल्या माणसांनी आपल्या भागातल्या लोकांसाठी जे केलं ते सगळ्या शहरानं ऐकावं असं आहे, म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुनीमजी, दोन शब्द सांगा."

मी उभा राहिलो. मस्तगडहून पहाटे निघालो ते सांगितलं. राजूरची दुपार, शिवेवरचा गाडा, गयाबाईचं दार, दगडूबानं दिवसभर उपसलेला गाळ, सगळं सांगितलं. लोक मान खाली घालून ऐकत होते. सांगत सांगत त्या संध्याकाळपाशी आलो, पाण्याचा रंग सांगितला, पाटील काय म्हणाले ते सांगितलं. पुढचं वाक्य मनात तयार होतं. ते तोंडातून निघेना. मी खाली बसलो.

लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. आधी मालकांनी आणि मग सगळ्या आवारानं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत कासिमभाई तेवढा हात मांडीवर ठेवून बसला होता. टाळ्या संपेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता, आणि मी सतरंजीकडे.