सावडीतला माझा हात

बाबांचा गुडघा गेला आणि मुंबईतली कॅन्टीनची नोकरी सुटली, त्या वर्षी आमच्या घरातला तांदूळ शिमग्यापर्यंतही पुरला नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. शेत म्हणजे उतारावर कापलेले चार तुकडे, आणि त्यातला मोठा तुकडा एवढा की बैल वळवायचे तर शेजाऱ्याच्या बांधावर जायचे. मग उरली नाचणी. सकाळी नाचणीची भाकरी, रात्री नाचणीची भाकरी, आणि पाहुणा आला तर सोबत कुळथाची पिठी. दप्तर म्हणून आईने खताच्या गोणीची पिशवी शिवून दिली होती. कोकणातल्या पावसात तिच्यासारखं दप्तर नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. वह्या कधी भिजल्या नाहीत.

अभ्यासात मी हुशार होते. त्यात लाजण्यासारखं काय, होतेच. वाडीत हे सगळ्यांना मान्य होतं, फक्त या हुशारीचं करायचं काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या शेजारी बाबांच्या चुलतभावाचं घर. तिथली काकी तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "पोर हुशार हाय गो, पर हुशारी काय चिखलात लावता येत नाय."

पोलादपूरला नववीत असताना सरांनी वादविवादाला विषय दिला: मुलांना पुढे काय नेतं, अंगची हुशारी की घरची श्रीमंती? हुशारीच्या बाजूने मी. श्रीमंतीच्या बाजूने बाजारातल्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानदाराची मुलगी. जिच्याकडे जे होतं, तेच तिच्या वाट्याला. मी टेबलावर हात आपटून ओरडले, "बुद्धी दुकानात किलोवर मिळत नाही!" टाळ्या. ती शांतपणे म्हणाली, "पण क्लास मिळतो." हशा. बक्षिसाचा स्टीलचा डबा मला मिळाला. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "बरं झालं तू जिंकलीस. मी नेला असता तर बाबांनी दुकानात विकायला ठेवला असता." तिथून आमची मैत्री जमली.

बारावीनंतर दोघींनी महाडला बीएस्सीला प्रवेश घेतला. तिला स्कूटी, मला एसटी. फीचं स्कॉलरशिपमध्ये भागलं, पास निघाला, आता काही अडत नाही असं मी समजले. आणि ज्या आठवड्यात कॉलेजची प्रॅक्टिकलं सुरू झाली, त्याच आठवड्यात वाडीत भाताची लावणी आली.

आमच्याकडे लावणी सावडीने होते. म्हणजे आज सगळ्या घरांनी मिळून तुमचं शेत लावायचं, उद्या पुढच्याचं. मजुरी नाही, पैसा नाही. तुमच्याकडे जेवढे हात आले, तेवढे तुम्ही परत द्यायचे. बाबांना चिखलात उभं राहता येत नव्हतं, म्हणून आमच्या घरचे हात दोन, आईचा एक नि माझा एक. मी कॉलेजला गेले तर उरला एक. एका हाताच्या घराचं शेत सगळ्यात शेवटी लागणार, तोवर रोपं जून होणार, आणि पुढचं वर्ष पुन्हा नाचणी. इकडे लॅबच्या मॅडमनी बजावलं होतं, प्रॅक्टिकलं बुडवलीत तर परीक्षेला बसू देणार नाही. माझं पहिलं बुडालंच.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढंच ना? दुकानातली दोन माणसं पाठवते."

दुसऱ्या दिवशी खरंच टेम्पोतून दोन हमाल आले. सिमेंटची गोणी एका झटक्यात पाठीवर घेणारी धिप्पाड माणसं, पण भात त्यांनी ताटात येण्याआधी कधी पाहिलेला नव्हता. काकीने त्यांना चहा पाजला आणि परत टेम्पोत बसवलं. मग माझ्याकडे वळली. "सावडीत भाड्याचा हात चालत नाय. उद्या आमच्या शेतात कोण येनार गो, टेम्पो?"

मला राग आला होता, पण बाई चुकीचं बोलत नव्हती.

हे ऐकून मैत्रीण रविवारी स्वतः आली. ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर क्रिकेटची टोपी. बांधावरच्या पोरांना दिवसभराची करमणूक झाली. ती एकेक रोप कोपरापर्यंत गाडत होती.

"अगो, रोप हाय ते, विजेचा खांब नाय," काकी ओरडली. "वरच्यावर टोच!"

"काकू, मग पडणार नाही का?"

"तू पडशील, ते नाय पडनार."

आणि ती पडलीच. अख्खं शेत हसलं, ती सगळ्यात जास्त. न्याहारीला बांधावर बसल्यावर तिने विचारलं, "काकू, ही रोपं उपटून जुड्या कोण बांधतं?"

"आमीच. पहाटचं उठून. कंबर मोडती, घरी भाकऱ्या राहतात, लय कटकट."

"मग ते काम हिला द्या ना. सगळ्यांच्या वाट्याचं. तशीही एसटी येईपर्यंत ही मोकळीच."

काकीने हातातली भाकरी खाली ठेवली. "शेटची पोर हाय, बरा हिशोब येतो," ती म्हणाली आणि तिथेच सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं बोलली, "उद्यापासून पहाटंची रोपं ही काढील. तुमी भाकऱ्या भाजून निवांत या. तिचा पुरा हात धरायचा. कुनाला जमत नसंल तर माज्या तोंडावर बोला." काकीच्या तोंडावर बोलणारं माणूस आमच्या वाडीत अजून जन्मलेलं नाही.

मग तसंच चाललं. उजाडायच्या आत मी नि आई चिखलात. रोपं उपटायची, पायावर आपटून माती झाडायची, जुडी बांधायची. मग वहाळात पाय धुऊन, ओल्या केसांनी एसटीला पळायचं. आमचं शेत वेळेवर लागलं. लॅबमध्ये माझ्या नखांतली माती बघून मॅडमनी एकदा विचारलं, "हे कसलं रसायन?" मी म्हटलं, "घरचं आहे, मॅडम."

मैत्रिणीला तिन्ही वर्षं माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. ती श्रीमंतही होती आणि हुशारही. असंही असतं, हे सरांनी विषय देताना सांगितलं नव्हतं. पण त्या जुलैत मला एक समजलं. तिची श्रीमंती स्कूटीत नव्हती. मैत्रीण घरात नसली तरी तिच्या घरी काही अडत नव्हतं, ही खरी श्रीमंती. माझी हुशारी माझीच होती, पण ती महाडला पोचवायला अख्ख्या वाडीला थोडं सरकून बसावं लागलं. ज्यांच्यासाठी कुणी सरकत नाही अशी हुशार पोरं मी पाहिली आहेत. ती आज कशेडीच्या टपऱ्यांवर वडे तळतात, आणि उत्तम तळतात.

पुढचे दोन पावसाळेही मी पहाटे रोपं काढली, आणि त्या पहिल्यानंतर एकही प्रॅक्टिकल बुडवलं नाही. रसायनशास्त्र घेऊन मी पहिल्या वर्गात बीएस्सी झाले. आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी.