पंच्याहत्तर घोट

माझ्या साडूंइतकं पाणी अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी मोजलं नसेल, आणि माझ्याइतकं त्याबद्दल कुणी मुकाट ऐकूनही घेतलं नसेल. राधानगरीच्या धरणावर पाण्याच्या नोंदी लिहिण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निम्मी घनफुटात, निम्मी घनमीटरमध्ये. त्यामुळे कुठलाही आकडा दोन्ही मापांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. निवृत्त होऊन ते मंगळवार पेठेत आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले आणि माझी दुपारची झोप संपली. खिशात पेनाशेजारी सहा इंची पट्टी. त्या एवढ्याशा पट्टीनं त्यांनी आल्या आल्या आमच्या न्हाणीतला हौद मोजला. "पावणं, सव्वा मीटर लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद, साठ खोल. सहाशे लिटर बसतंय की!" मी म्हटलं, बसू दे. "म्हंजे एकवीस घनफूट, वर थोडं." मी म्हटलं, तेही बसू दे. चहाचा कप, पावसात भरलेली बादली, बायकोचं पिठाचं मापटं, कशाचीच सुटका नव्हती. जेवताना आमटीच्या वाटीत पट्टी बुडवणारा हा एकच माणूस मी पाहिला.

एकदा कोडोलीला त्यांच्या नातवाच्या जावळाचं जेवण होतं. आचारी म्हणाला, चार पातेली रस्सा लागेल. साडूंनी पातेलं मोजलं, कागदावर आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "एका पातेल्यात भागतंय!" रस्सा दुसऱ्या पंगतीलाच संपला. रस्सा संपल्यावर कोडोलीची माणसं काय बोलतात, ते इथं लिहिता येणार नाही. हे आपले चुलीपाशी कागद धरून बसलेले. "व्यासच त्रिज्या म्हणून धरला की वो, पावणं. सगळं चौपट आलं." तेव्हापासून ते प्रत्येक माप दोनदा घ्यायला लागले आणि माझ्या डोक्याचा ताप दुप्पट झाला.

मग माझी बायको आजारी पडली. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं, पाणी, चहा, आमटी सगळं मिळून दिवसाला साडेसातशे मिलिलिटर. जास्त झालं तर छातीत पाणी भरेल. आता साडेसातशे मिलिलिटर म्हणजे किती, मला काय कपाळ ठाऊक! इतकी वर्षं ऐकलं, पण डोक्यात कधी काही शिरूच दिलं नव्हतं. साडूंनी घरातलं फुलपात्र मोजलं, दोनदा. "अडीचशेचं हाय. दिवसाला तीन बसत्यात, अक्का." त्यांच्या बायकोची ती थोरली बहीण, म्हणून अक्का.

"तीनच?" म्हणून ती रडायलाच लागली. दिवस उन्हाळ्याचे होते. साडू उठून गेले आणि औषधाच्या बाटलीचं टोपण घेऊन परत आले.

"ह्यात धा मिलिलिटर बसतंय. तीन न्हाय अक्का, पंच्याहत्तर घोट हायत तुमचे!"

पाणी तेवढंच होतं. पण ती डोळे पुसून हसली. "पंच्याहत्तर व्हय, दाजी? मग लई झालं की."

त्यानंतर ते रोज सकाळी यायचे आणि संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी पाटी घेऊन बसायचे. एक घोट, एक रेघ. दोघांची भांडणं काय विचारता! "आमटीचे आठ धरल्यात," हे म्हणायचे. "आमटीत डाळ न्हाय व्हय? तेवढे वजा करा की," ती म्हणायची. मग हे पट्टी काढून डाळ खरोखरच मोजायला बसत. मी स्वयंपाकघरात पेज ढवळत हे सगळं ऐकायचो. थकून गेलो होतो, पण ही भांडणं बंद पडू नयेत असं वाटायचं.

तीन महिन्यांनी एका सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना मला दारापाशी नेऊन हळूच म्हणाले, "आता मागतील तेवढं पाणी द्या." थोड्या वेळानं साडू आले, तेव्हा मी उंबऱ्यातच त्यांना हे सांगितलं. ते चपला न काढता तसेच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी तांब्यातनं फुलपात्र काठोकाठ भरलं आणि तिच्या ओठाला लावलं. ती सगळं प्यायली. सवयीनं पाटीकडं बघत तिनं विचारलं, "किती झाले, दाजी?"

"आज मोजत न्हाय, अक्का."

तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बरं," ती म्हणाली. "मग अजून एक द्या."

साडूंनी पुन्हा तांब्या उचलला. त्यांनी एखादा आकडा बोलावा, कुठलाही, असं मला त्या वेळी फार फार वाटलं.