मंगळवारी मोडलेलं लग्न

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मी एका मंगळवारी सकाळी मोडलं. तिला याची कल्पना नव्हती.

बालीगंजच्या आमच्या घरात भाषांची वाटणी पक्की आहे. भांडण मराठीत, मासळी बंगालीत, टॅक्सीवाला हिंदीत आणि मनातलं सगळं इंग्रजीत. कोलकात्यातच वाढलेल्या केतकीने अनिर्बाणबद्दल आम्हाला सांगितलं तेही इंग्रजीतच. (मराठीत म्हणे फार लाज वाटते.) त्यामुळे तिच्या बंद दाराआडून इंग्रजी आलं की प्रकरण गंभीर, हे आम्ही धरून चालतो.

त्या सकाळी आतून आवाज आला, "ही लेट मी डाउन." थोडं थांबून, "वी ड्रिफ्टेड अपार्ट." आणि मग अगदी स्पष्ट, "आय ब्रोक अप विथ हिम!"

माझा जन्म वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेला. एका सूत्रावर बातमी करायची नाही, हा तिथला नियम. म्हणून मी बायकोला बोलावलं. सुलभाने दाराला कान लावला.

"ऐकलंस?"

"ऐकलं! अहो, माझा पैठणीवरचा ब्लाउज शिवायला गेलाय!"

दोन सूत्रांचा दुजोरा मिळाला. (दोन्ही सूत्रांचं दार एकच होतं, हा तपशील नजरेतून सुटला.)

"तिलाच विचारू या का?" सुलभा म्हणाली.

"आधी दुसरी बाजू!" मी खणखणीत आवाजात म्हणालो. "बागबाजारला फोन लावतो!"

दुसरी बाजू, म्हणजे अनिर्बाणचे आईवडील, बागबाजारला राहते.

"शे की! हे काय भलतंच!" मजुमदारबाबू फोनवर किंचाळले. "काल संध्याकाळीच तर दोघं पाणीपुरीच्या गाडीवर फुचका खाऊन आले!"

"बातमी आज सकाळची आहे," मी शांतपणे म्हणालो.

अनिर्बाण ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, फोन बंद. 'प्रतिक्रियेसाठी उपलब्ध होऊ शकले नाहीत,' असं मी मनातल्या मनात छापून टाकलं.

थोड्याच वेळात मजुमदार दांपत्य टॅक्सीने हजर! बाईंचे डोळे लाल, हातात संदेश मिठाईचं खोकं. (बंगाली माणूस लग्न मोडायलासुद्धा रिकाम्या हाताने येत नाही.) खोकं सोफ्यावर ठेवून आम्ही चौघंही दाराशी उभे राहिलो. आतून केतकीचा निर्विकार आवाज आला, "ही वॉक्ड आउट ऑन मी अँड द चिल्ड्रेन."

"चिल्ड्रेन?" मजुमदारबाई मटकन सोफ्यावर बसल्या. संदेशवरच.

"कुणाची?" सुलभाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बातमी मीच दाबून ठेवली होती.

"किती?" मजुमदारबाबूंनी विचारलं. (प्रश्न योग्य होता. मीही तोच विचारला असता.)

मी दार बडवलं. केतकी बाहेर आली. कानांवर हेडफोन, मागे उशांची भिंत, तिच्यापुढे माइक.

"बाबा! रेकॉर्डिंग चाललंय!"

"कसलं?"

"ऑनलाइन क्लासचं! नात्यांबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं, त्याचा धडा. जुळणं, बिनसणं, सोडून जाणं, सगळं उदाहरणांसकट. काल जेवताना सांगितलं होतं ना? तुम्ही पेपरातून डोकं न काढता 'हं' म्हणालात."

"हं," मी म्हणालो.

मग तिची नजर सोफ्याकडे गेली. "काकू? तुम्ही सगळे इथे कसे?"

मजुमदारबाबूंनी घसा खाकरला. "दादा, म्हणजे नातवंडं नाहीत तर?" आवाजात किंचित निराशा होती.

लग्न वाचलं. चपटे झालेले संदेश आम्ही चमच्याने खाल्ले. केतकी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, इंग्रजीतसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी धडा प्रसिद्ध झाला. 'आय ब्रोक अप विथ हिम' नंतरच्या शांततेत माझा आवाज खणखणीत ऐकू येतो: "बागबाजारला फोन लावतो!" केतकीने तो मुद्दाम ठेवला. या वाक्याचा अर्थ काय आणि ते कधी वापरायचं, असं विद्यार्थी अजून विचारतात.

नोकरीभर मी दुसऱ्यांची वाक्यं कापत आलो. माझं स्वतःचं एकच वाक्य काटछाट न होता प्रसिद्ध झालं, ते हे!